बसणार की नेणार? जपानी खाद्यदुकानांच्या शब्दांची पार्श्वभूमी

जपानीत दुकानाचं नाव मालावरून पडतं आणि शेवटी 'या' लागतो: तोफूया, साकानाया (मासळीचं दुकान), कोमेया (तांदळाचं). 'या'चा मूळ अर्थ घर, छप्पर. पण तो दुकानालाही चालतो आणि दुकानदारालाही. पुढे 'सान' जोडला की आपल्या 'भाजीवाले काका'चा सूर लागतो.

तयार अन्नाच्या दुकानांना मात्र केवळ माल पुरला नाही. गिऱ्हाईक तिथे टेकतं की पुडकं घेऊन निघतं, हेही नावात शिरलं. 1657च्या भीषण आगीनंतर एदो (आजचं तोक्यो) पुन्हा उभारायला एकट्यादुकट्या मजुरांची रीघ लागली आणि त्यांच्यासाठी निउरिया, म्हणजे शिजवलेलं विकणारे, फोफावले. चुलीतून पुन्हा आग लागेल म्हणून त्यांच्या रात्रीच्या विक्रीवर बंदीही आली. साकाया म्हणजे दारूचं दुकान. तिथेच बसून प्यायची सोय झाली तेव्हा पुढे 'इ' (थांबणं, बसणं) लागून इझाकाया झाला. पर्यटक ज्याला आज जपानी बार समजतात, त्याच्या नावातच बैठक आहे. उलट शिदाशिया घरपोच जेवण पाठवणारा. क्योतोत हा धंदा अजून मानाचा.

सोझाइया हे आपल्या पोळी-भाजी केंद्राच्या जवळचं दुकान, फक्त भात घरी लावायचा आणि तोंडीलावणं इथून न्यायचं. या शब्दाच्या पहिल्या कांजीला (चिनीवरून आलेलं अक्षर; अशा एका अक्षराचे अनेक उच्चार असू शकतात) 1946च्या सरकारी अक्षरयादीत जागा मिळाली नाही. त्यामुळे वर्तमानपत्रं दुसरं, त्याच उच्चाराचं अक्षर वापरतात, आणि धंद्यातली मंडळी जुनंच धरून बसली आहेत.

खरी उलथापालथ 1970च्या दशकातली. 1974मध्ये तोक्योच्या तोयोसु भागात कन्व्हीनियन्स स्टोअरच्या (तयार खाण्यासकट रोजचं सगळं विकणारं छोटं दुकान) एका मोठ्या साखळीचं पहिलं दुकान उघडलं, आणि 1976मध्ये तोक्योशेजारच्या साइतामातल्या सोका शहरात गरम बेंतो (जेवणाचा डबा) हातात देणारं दुकान आलं. शिजवलं दुसऱ्याने, खाल्लं घरी. याला म्हणायचं काय? गाइशोकु म्हणजे बाहेरचं जेवण, उचिशोकु म्हणजे घरचं. म्हणून दोहोंच्या मधलं ते नाकाशोकु, अशी जुळणी झाली. गंमत अशी, की हीच दोन अक्षरं पूर्वी 'चूजिकि' अशी वाचत आणि अर्थ होता दुपारचं जेवण. आपल्या 'मधल्या वेळचं'मधलाही 'मधला' वेळेचाच आहे. जपान्यांनी तो वेळेवरून उचलून जागेवर नेला. धंद्याच्या अहवालांत शब्द रुळला, पण घरात कुणी 'आज नाकाशोकु करू' म्हणत नाही. 'सोझाइ आणू' म्हणतात.

या जुळवलेल्या सीमारेषेवर पुढे कर बसला. उपभोग कर (खरेदीवर लागणारा) 8 वरून 10 टक्के करताना कोणत्या अन्नाला सवलत द्यायची, यावर सत्ताधारी आघाडीतच जुंपली. मोठ्या पक्षाला फक्त ताज्या मालापुरती सवलत हवी होती, धाकट्या भागीदाराला तयार अन्नावरही. धाकट्याचं म्हणणं रास्त होतं. लेबलांच्या नियमांनुसार एकाच माशाचे साशिमी (कच्चे) काप 'ताजे', पण दोन-तीन जातींचे काप एका थाळीत मांडले की ते 'प्रक्रिया केलेलं अन्न'. एकाच साकानायाच्या एकाच फळीवर दोन दर लागले असते. 2015च्या डिसेंबरात तडजोड झाली: दारू आणि गाइशोकु सोडून सगळं अन्न 8 टक्क्यांवर. माशाच्या थाळीवरचा गोंधळ टळला, तो खुर्चीवर जाऊन बसला.

कारण ऑक्टोबर 2019पासून गाइशोकु कशाला म्हणायचं हे टेबल-खुर्ची ठरवू लागली. तोच बेंतो नेला तर 8, दुकानातल्या कोपऱ्यात खाल्ला तर 10. घरी मागवलेला पिझ्झा 8, पण आचारी घरी येऊन रांधून गेला तर 10. गाडीवाल्याने स्वतःची बाकडी मांडली की 10. बाकडं बागेतलं, कुणीही बसावं असं असेल तर 8. आणि हे ठरायचं विक्रीच्या क्षणी, गिऱ्हाइकाच्या तोंडच्या शब्दावर. 'मोचिकाएरि' (घेऊन जातो) म्हणून पैसे द्यायचे आणि तिथेच कोपऱ्यात बसून खायचं, याला लगेच 'ईट-इन दात्सुझेइ' हे नाव पडलं. दात्सुझेइ म्हणजे करचुकवेगिरी; एवढा जड शब्द दोन टक्क्यांसाठी. कन्व्हीनियन्स स्टोअरना प्रत्येकाला विचारत बसणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून 'इथे खाणार असाल तर सांगा' अशी पाटी लावली तरी चालेल असं सरकारने मान्य केलं.

काही साखळ्यांनी मूळ किंमतच अशी बसवली की बसा किंवा न्या, हातातून जाणारे येन तेवढेच. पावतीवर कराचे दर मात्र वेगवेगळे छापून येतात.