'वाचायलाच हवं' हे कुणी कुणाला सांगितलं: थोडी पार्श्वभूमी

दर १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, व्हॉट्सॅपवर काय सुरू होतं ते सगळ्यांना माहितीये. पुस्तकांच्या थप्प्यांचे फोटो, 'वाचाल तर वाचाल', आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी वैतागून विचारतंच, की नोकरी, लोकल, पोरांचा अभ्यास, आईवडिलांची औषधं हे सगळं करून मोठ्या माणसानं नियमित पुस्तक वाचलंच पाहिजे असं बंधन आहे का? मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते वाचत नाही म्हणजे तुम्ही आळशी, दुसरी म्हणते आम्ही काय वाचायचं ते तुम्ही कोण सांगणार. दोघांनीही एक गोष्ट धरलेली असते, की हा ज्याच्या त्याच्या शिस्तीचा मामला आहे. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे हे ओझं वाचणाऱ्याच्या डोक्यावर कसं येऊन बसलं याला इतिहास आहे, आणि त्यात महाराष्ट्राच्या १९६७ सालच्या ग्रंथालय कायद्यातल्या एका निर्णयाचा वाटा मोठा आहे.

जुनं थोडक्यात. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं आणि बेळगावचं १८४८, कोल्हापूरचं १८५०. साहेबाच्या काळात नेटिव्ह लायब्ऱ्या म्हणून निघालेल्या या संस्था, सभासद म्हणजे अर्थातच शिकलेले, वर्गणी परवडणारे पुरुष. वाचणं म्हणजे सुधारणा, आणि सुधारणा म्हणजे कर्तव्य, हे समीकरण याच मंडळींचं. पण त्याच पुण्यात शेजारच्या आळीत बहुसंख्य जातींना आणि बायकांना अक्षराला हात लावायचीच मनाई होती, आणि १८५५ ला शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा निघाली ती ही मनाई मोडायला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण आज 'वाचनाची सक्ती नको' हे वाक्य ज्या घरात चार पिढ्या पुस्तकं आहेत तिथं एक वाटतं आणि ज्या घरात आजोबांना अंगठा लावावा लागायचा तिथं भलतंच. दुसऱ्या घरात वाचन कुणी लादलं नव्हतं, भांडून मिळवलं होतं.

मग १८९३ ला ठाण्यात आणि १८९८ ला मुंबईत खास मराठी ग्रंथांची संग्रहालयं निघाली, आणि कर्तव्यात भाषेची भर पडली. आता नुसतं वाचायचं नाही, मराठी वाचायचं, जमलं तर विकत घेऊन. मराठी पुस्तक खपलं नाही की दोष वाचकाचा, ही सवय आपल्याला तेव्हापासूनची असावी असा आपला माझा अंदाज.

याच्या अगदी उलटा रस्ता बडोद्यानं धरला होता. मराठी राजाचं पण गुजराती मुलखातलं संस्थान. १९०६ ला सगळ्या संस्थानात मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि ही शिकलेली पोरं मोठी झाल्यावर पुन्हा अक्षरं विसरतील म्हणून १९१० पासून अमेरिकेहून ग्रंथपाल आणून गावोगाव मोफत वाचनालयांची साखळी उभी करायला घेतली. गावानं जेवढे पैसे जमवायचे तेवढेच प्रांताच्या म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीनं आणि तेवढेच संस्थाननं घालायचे, आणि जिथं वाचनालय नाही तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायची, नेण्या-आणण्याचा खर्चसुद्धा सरकारचा. म्हणजे सक्ती केली ती मुलांना शाळेत बसवण्याची, मोठ्यांना सक्ती नाहीच, त्यांच्या दारात पेटी. मला हा क्रम फार आवडतो हे इथंच सांगून टाकतो, पुढं लिहिण्यात ते दिसेलच.

मुंबई इलाख्यात १९३९ ला सरकारनं ग्रंथालयांसाठी समिती नेमली. मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका करत गावापर्यंत अशी पायऱ्यापायऱ्यांची योजना समितीनं दिली. १९४७ च्या सुमाराला वरच्या दोनच पायऱ्या बांधल्या गेल्या: मुंबईत मध्यवर्ती, आणि पुणे, अहमदाबाद, धारवाडला भाषावार प्रादेशिक ग्रंथालयं. खालच्या पायऱ्या पैशाअभावी राहिल्या. तिकडं कोल्हापूर संस्थाननं १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केलेला, भारतातला पहिला, पण १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि कायदा कागदावरच गेला. मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता तिथंही १९५५ ला असा कायदा झाला, आणि वर्षभरात राज्याचेच तुकडे पडले. म्हणजे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा त्याच्या दोन भागांना ग्रंथालय कायद्याची चव लागलेली होती, अर्धवट का होईना.

सातारा जिल्ह्यात १९५९ ला प्रौढ साक्षरतेची ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं राज्यभर पसरली. शाळामास्तर रात्री कंदील लावून शिकवायचे, गावातले सगळे प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ, मिरवणूक, शपथा. १९६१ ला राज्याची साक्षरता साधारण ३५ टक्के होती, त्यामुळे ही मिरवणूक पोकळ नव्हती, डोळ्यात पाणी यावं असाच प्रकार होता. पण मिरवणुकीनंतर वाचायला काय? साठीच्या घरातल्या बाईला नाव लिहिता यायला लागलं आणि मग सहा महिने हातात छापील कागद पडलाच नाही तर ती पुन्हा अंगठ्यावर जाणार. हे तेव्हाच्या लोकांना चांगलं कळत होतं, फिरत्या पेट्यांचे प्रयोगही झाले. कायदा हवा ही मागणी त्यातून पुढं रेटली गेली.

तो कायदा १९६७ ला झाला, १९६८ च्या १ मे पासून लागू. आता इथं जरा थांबतो.

देशात आधी झालेले कायदे बघा. मद्रास १९४८, आंध्र १९६०, म्हैसूर म्हणजे आताचं कर्नाटक १९६५. या सगळ्यांनी घरपट्टीसारख्या स्थानिक करावर छोटासा ग्रंथालय उपकर बसवला. रुपयामागं काही पैसे. तो पैसा फक्त ग्रंथालयासाठी, आणि ग्रंथालय चालवायची जबाबदारी सरकारी किंवा स्थानिक यंत्रणेची. महाराष्ट्रानं उपकर ठेवलाच नाही. त्याऐवजी राज्य सरकारनं दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालायचे असं कलम टाकलं, आणि गावागावात लोकांनी काढलेल्या संस्थांना मान्यता देऊन अ, ब, क, ड वर्गवारीनं अनुदान द्यायचं ठरलं. उपकर नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, लोकांवर आधीच करांचं ओझं, त्यात ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून पुस्तकासाठी पैसे कसे घ्यायचे, शिवाय आपल्याकडं शंभर-सव्वाशे वर्षांची लोकांनी उभारलेल्या वाचनालयांची परंपरा आहे ती सरकारी खात्यात कशाला बुडवायची. हा शेवटचा मुद्दा तर खराच आहे. आपल्याकडची कित्येक वाचनालयं टिकली ती कुणातरी चिवट कार्यवाहानं घरोघर फिरून पावत्या फाडल्या म्हणून.

पण याचा परिणाम काय झाला तो बघा. उपकर भरणाऱ्या माणसाचा ग्रंथालयावर हक्क असतो, तो वाचो न वाचो. वर्गणी भरणाऱ्याचा हक्क वर्गणी भरेपर्यंतच. आपल्याकडे पुस्तक घरी न्यायचं तर अनामत भरा, महिन्याची वर्गणी भरा, एका वेळी एक पुस्तक, एक मासिक, दिवाळी अंकांचे पैसे वेगळे. रक्कम मोठी नसते, मान्य, पण वाचन ही हौस ठरली, आणि हौस ज्याची त्यानं करायची. मग ती केली नाही तर चूकही ज्याची त्याचीच. बेळगावातला मराठी माणूस घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर भरतो आणि मिरजेतला भरत नाही, तरी वाचत नाही म्हणून बोलणी मात्र दोघांना सारखीच बसतात! उपकरामुळं कर्नाटकात घरोघर ग्रंथ पारायण चालू झालं असा माझा दावा अजिबात नाही, जमा उपकर महापालिका वेळेवर पुढं देत नाहीत ही तक्रार तिकडं जुनीच आहे. पण तिथं निदान भांडायला पैसा तरी आहे.

गोव्याची गंमत वेगळीच. पणजीचं ग्रंथालय १८३२ चं, पोर्तुगीज काळातलं. १९९३ ला तिथं कायदा झाला आणि उपकर बसवला तो विदेशी मद्य आणि बिअरवर. म्हणजे पिणाऱ्यानं वाचणाऱ्याचा खर्च उचलायचा. यावर जोक करायचा मोह होतो, पण मोठ्या माणसांच्या वाचनाचा भार वाचणाऱ्यावर न टाकण्याची याहून सरळ तरतूद मला आपल्या आसपास दिसत नाही.

महाराष्ट्रात पुढची चाळीस वर्षं संस्था वाढत गेल्या, अनुदानित ग्रंथालयं बारा हजारांच्या आसपास पोचली. यात खरी किती आणि पाटीपुरती किती हा प्रश्न सगळ्यांनाच माहीत होता आणि कुणीच विचारत नव्हतं. २०१२ ला महसूल खात्याच्या माणसांकडून पडताळणी झाली, कुठं कपाटाला कुलूप, कुठं कपाटच नाही. त्याच सुमाराला अनुदान दीडपट झालं, पण नवीन मान्यता आणि वर्गवाढ थांबवली गेली ती वर्षानुवर्षं. ज्या गावात चांगलं काम सुरू होतं तेही यात अडकलं. सगळ्यात खालच्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला तेव्हा वर्षाला ३० हजार, त्यात पुस्तकं, पेपर, लाईटबिल आणि ग्रंथपालाचा पगार. पगार म्हणायचं आपलं. पुढची वाढ, ६० टक्क्यांची, मंजूर व्हायला २०२२ उजाडलं.

आणि नेमकं या मधल्या दहा वर्षांत उपदेश वाढला. माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम २०१५ च्या जुलैमध्ये गेले आणि त्याच वर्षीपासून त्यांची जयंती वाचन प्रेरणा दिन म्हणून सुरू झाली. २०१७ च्या मे महिन्यात पाचगणीजवळ भिलारला पुस्तकांचं गाव झालं, २५ ठिकाणी मिळून १५ हजारांच्या घरात पुस्तकं. लोकांनी आपल्या घराच्या पडव्या दिल्या, बसा, वाचा, पैसे नाहीत. बडोद्याच्या पेटीच्या जवळ जाणारं असं काही आपल्याकडं झालं असेल तर ते हेच, फक्त तिथं जायला गाडी काढून घाट चढावा लागतो.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनबरोबर ग्रंथालयं बंद झाली. मे महिन्यात दारूची दुकानं उघडली, रांगांचे फोटो आपण पाहिलेत. ग्रंथालयांना परवानगी मिळाली १५ ऑक्टोबरपासून, म्हणजे प्रेरणा दिनाचा मुहूर्त बरोब्बर साधला. त्या सात महिन्यांत वर्गण्या बुडाल्या आणि सुटलेले बरेच सभासद परत आलेच नाहीत, मोबाईलवर पीडीएफ आणि ऑडिओबुकची सवय लागलेली. ऐकलेलं पुस्तक वाचलं म्हणून मोजायचं का हा नवा वाद तेव्हापासून आहे, त्यात मी पडत नाही, स्वयंपाक करताना कानात कादंबरी ऐकणाऱ्या बाईला हिशोब विचारणारे आपण कोण.

आज शहरातल्या बऱ्याच वाचनालयांचा गाडा अभ्यासिकेवर चालतो. आत गेलात तर कादंबऱ्यांच्या रॅकपाशी दोन पेन्शनर, आणि पलीकडच्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली, हायलायटर, एकाच एक्स्टेन्शनला लटकलेले चार चार्जर. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत वाचत बसतात ही पोरं. यांना कुणी वाचक म्हणत नाही, कारण ती 'अवांतर' वाचत नाहीत.

२०२५ च्या जानेवारीत पंधरवडाभर वाचन संकल्प महाराष्ट्राचा असा उपक्रम झाला, कॉलेजांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत, सामूहिक वाचन, परीक्षणं, स्पर्धा. संकल्प करायचा होता तो वाचणाऱ्यांनी. १९६७ चा कायदा दुरुस्त करायच्या गोष्टी अधूनमधून झाल्या, ग्रंथालय चळवळीतले लोक उपकराची मागणी अधिवेशनात ठरावाला टाकतात, ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो, आणि घरपट्टीच्या बिलात अजून तो रकाना आलेला नाही.