अपग्रेडनंतर फुगलेली अक्षरं: शिंपी गेला की मापाची चिठ्ठी हरवली?

अमळनेरजवळच्या एका गावात माझी मावसबहीण ई-सेवा केंद्र चालवते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपणार, म्हणून तिच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिचा फोन: "भाऊ, सगळी अक्षरं फुगी गयात." महिनाही झाला नसेल, तोच सावद्याहून केळीच्या एका वजनकाट्यावरून तीच तक्रार आली. तिथेही अपग्रेड झालेलं, तिथेही कॉम्प्युटर सुरू केला की रिझोल्यूशन (स्क्रीनवरच्या ठिपक्यांची आडवी-उभी संख्या) १०२४×७६८ वर, रोज.

दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवल्या असत्या तर फरक सांगता आला नसता. बिघाड मात्र दोन वेगळे होते, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला शून्य उपयोगाचा होता. या दोन बिघाडांची गल्लत इतकी सर्रास होते की लोक चांगला मॉनिटर बदलून टाकतात, नाहीतर सगळी विंडोज पुन्हा घालतात.

सदरा अंगात बसला नाही तर त्याची दोन कारणं असू शकतात. एक, शिंपीच नव्हता, म्हणून दुकानातला तयार सदरा घातला. दोन, शिंपी होता, पण मापाची चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचली नाही, म्हणून त्याने अंदाजाने, कुणालाही जेमतेम होईल असा शिवला. कॉम्प्युटरमध्ये शिंपी म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, चित्र काढणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर. आणि मापाची चिठ्ठी म्हणजे ईडीआयडी: मॉनिटरच्या आतच साठवलेली किमान १२८ बाइटची माहिती. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कुठलं रिझोल्यूशन आपल्याला नेमकं बसतं, हे मॉनिटर त्यातून स्वतः सांगतो. १९९४ पासून ही पद्धत आहे. त्यामुळेच आपल्याला मॉनिटर जोडल्यावर काही भरावं लागत नाही.

आधी शिंपी गेल्याची गोष्ट. अपग्रेडमध्ये जुना ड्रायव्हर नव्या सिस्टिमला चालत नाही किंवा नवा नीट बसत नाही. मग विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर लावते. तो फक्त चित्र दाखवतो. कॉम्प्युटर सुरू होताना बायॉसने (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनमधल्या प्रोग्रॅमने) जे रिझोल्यूशन लावलं असेल त्यावरच तो अडकून राहतो, म्हणून सेटिंगमधली यादी बहुधा करडी, दाबता न येणारी दिसते. बहिणीला मी फोनवर एवढंच विचारलं, "आक्का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का?" होत नव्हता. "व्हिडिओ लावून बघ." अडखळत चालला. "झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपतो का?" नाही. तिथेच निम्मं निदान झालं. उजेड, व्हिडिओ, स्लीप ही सगळी ड्रायव्हरची कामं. चिठ्ठी हरवली म्हणून ती बंद पडत नाहीत. शिवाय लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन आतल्या आत जोडलेली असते, तिची चिठ्ठी सहसा हरवत नाही. म्हणून लॅपटॉप असेल तर माझा संशय आधी ड्रायव्हरवरच जातो.

इलाज: विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स'खाली बघा. तिथे 'बेसिक' हा शब्द दिसला की कारण सापडलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. तिथे नसेल तर इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या साइटवरून. ड्रायव्हर शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं कृपा करून घालू नका. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार क्रमांक टाइप होतात, त्यावर तर मुळीच नको. अपग्रेडला दहा दिवस झाले नसतील तर सेटिंगमधून जुन्या विंडोजवर परत जाण्याची वाटही मोकळी असते. फार जुन्या मशीनचं मात्र वेगळं. इंटेलने त्याच्या जुन्या एचडी ३००० ग्राफिक्ससाठी विंडोज १० चा स्वतःचा ड्रायव्हर काढलाच नाही. तिथे हट्ट न धरता विंडोज अपडेट जो देईल तो घ्यावा.

विंडोजऐवजी लिनक्स सिस्टिम असेल तर तिथे शिंपी जाण्याच्या दोन नेहमीच्या तऱ्हा आहेत. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला पण एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्यासाठी तयार झालं नाही. सिक्युअर बूट (सही तपासूनच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेतही नाही. किंवा कधीतरी काळी स्क्रीन आली म्हणून कुणीतरी ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत 'नोमोडसेट', म्हणजे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला रिझोल्यूशन लावू देऊ नको, असं लिहिलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. तो शब्द काढून ग्रब अपडेट केलं की पुष्कळदा सगळं जागेवर येतं.

आता सावद्याचा काटा. इथे मी चुकलो, आणि त्या चुकीमुळेच हे लिहायला बसलो. अमळनेरचा अनुभव ताजा होता, म्हणून तिथे जाऊन सरळ ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. एकदा नाही, तीनदा. बाहेर केळीने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि मी जे बिघडलंच नव्हतं ते दुरुस्त करत होतो. व्हिडिओ सुरळीत चालत होता. ॲडॉप्टरचं नाव इंटेलचंच होतं. रिझोल्यूशनची यादी उघडत होती, फक्त १०२४×७६८ च्या वर जात नव्हती. शेवटी मॉनिटरचं नाव बघितलं: 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'. पीएनपी म्हणजे जोडताच स्वतःची ओळख देणारं; त्यातलं 'नॉन' सगळं सांगतं. चिठ्ठी पोचली असती तर 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' किंवा थेट मॉडेलचं नाव आलं असतं.

कारण टेबलाखाली होतं. शेतकऱ्याला बाहेर उभं राहून वजन दिसावं म्हणून व्हीजीए (मॉनिटरच्या जुन्या पद्धतीच्या केबलचा) स्प्लिटर, एकच चित्र दोन स्क्रीनना वाटणारा डबा, लावून दुसरी स्क्रीन खिडकीत ठेवलेली होती. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी चित्राचे तीन रंग १, २, ३ मधून जातात आणि १३, १४ चित्राची लय सांभाळतात. चिठ्ठी येते ती १२ आणि १५ मधून. स्वस्त स्प्लिटरमध्ये, साध्या कन्व्हर्टरमध्ये या दोन तारा पुष्कळदा पुढे जोडलेल्याच नसतात. फार लांब केबलमध्ये तो नाजूक सिग्नल वाटेतच विरतो. चित्र स्वच्छ येतं, म्हणून वायरीवर कुणाचा संशय जात नाही.

मग अपग्रेडच्या आधी कसं चालत होतं? पूर्वी कुणीतरी हाताने १६००×९०० बसवून ठेवलं होतं आणि जुन्या सिस्टिमला ते पाठ झालं होतं. नवी सिस्टिम कोरी आली, तिने मॉनिटरला माप विचारलं, उत्तर आलं नाही. दोष जुनाच होता, अपग्रेडने तो उघडा पाडला.

फरक ओळखताना क्रम पाळा. आधी ॲडॉप्टरचं नाव बघा, मगच मॉनिटरचं. कामचलाऊ ड्रायव्हर असताना मॉनिटरपुढेही 'नॉन-पीएनपी' येऊ शकतं, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर वायरी बदलत बसाल. ॲडॉप्टर खरा असेल तर स्प्लिटर काढून, दुसऱ्या आखूड केबलने मॉनिटर थेट जोडा. आधी मॉनिटर चालू करा, मग सीपीयू. अक्षरं जागेवर आली तर चिठ्ठीचाच प्रश्न होता. आणखी एक खूण: ड्रायव्हर गेला असेल तर बिघाड रोज, न चुकता असतो. बिघाड कधी येतो, कधी जातो, केबल हलवली की सुधारतो, असं असेल तर तो वायरीचाच. पण रोज येतो म्हणून ड्रायव्हरचाच, असं मात्र नाही; सावद्यालाही तो रोजच येत होता.

सुरुवातीला कंपनीचा लोगो किंवा ग्रबचा मेन्यू मोठा दिसतो, तो यातला कुठलाच बिघाड नाही. तेव्हा ड्रायव्हर जागा झालेला नसतो. ग्रबमधलं रिझोल्यूशन बदलून आतल्या डेस्कटॉपची फुगलेली अक्षरं सुधारत नाहीत.

लिनक्सवर चिठ्ठी पोचत नसेल तर पूर्वी एक्सरँडरची (हाताने रिझोल्यूशन बसवणाऱ्या कमांडची) ओळ सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालत. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात २१.०४ पासून स्क्रीनवर चित्र मांडणारी वेलँड ही नवी पद्धत मूळ निवड झाली आणि तिथे ती ओळ चालत नाही; अपग्रेडनंतर 'माझी जुनी स्क्रिप्ट बंद पडली' म्हणतात ते यामुळे. त्याऐवजी कर्नलला सुरू होतानाच 'व्हिडिओ' या पॅरामीटरमधून पोर्टचं नाव आणि माप सांगता येतं. पण वायर बदलणं शक्य असेल तर आधी तीच बदलावी. हाताने बसवलेलं माप पुढच्या अपग्रेडला पुन्हा पुसलं जाऊ शकतं.

एवढा जीव का तोडायचा, असं कुणी विचारेल. १३६६×७६८ च्या स्क्रीनवर १०२४×७६८ ताणलं की उंची तीच राहते आणि प्रत्येक अक्षर एक तृतीयांशाने रुंद होतं. कडा पुसट होतात. इंग्रजी तरी वाचता येतं; देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एकमेकांत मिसळतात, शिरोरेषा धुरकट होते. बहिणीच्या समोर दिवसभर सातबारा असतात. एका अक्षराने नाव चुकलं की शेतकऱ्याला दुरुस्तीसाठी तलाठ्याकडे खेपा.

तिचा ड्रायव्हर त्याच संध्याकाळी बसला. काट्यावर मापाची चिठ्ठी पुढे पाठवणारा, स्वतःचा वीजपुरवठ्याचा अडॅप्टर असलेला स्प्लिटर जळगावहून आणला, लांब केबल काढून आखूड लावली आणि खिडकीतली स्क्रीन टेबलाच्या जवळ सरकवली. तेव्हापासून दोन्ही मॉनिटर सुरू होतानाच १६००×९०० वर येतात.