हिमोग्लोबिन ८.४, आणि लोह म्हणाल तर भरपूर

ओळखीतल्या एका काकांचं हिमोग्लोबिन ८.४ आलं, वय ६६, आणि मग आपल्या घरांमध्ये जे होतं तेच झालं, बीट आलं, खजूर आला, माळ्यावरची लोखंडी कढई खाली उतरली, लोहाच्या गोळ्या तर होत्याच. तीन महिन्यांनी परत बघितलं तर ७.९. कंबर दुखायची, पण ती वयामुळे असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं. शेवटी फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह दाखवणारी टेस्ट केली तर ते चक्क वाढलेलं. म्हणजे अंगात लोह पडून आहे आणि रक्त काही बनत नाही! निघाला मल्टिपल मायलोमा.

हा बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशी एरवी अँटिबॉडी बनवतात आणि मॅरोत ५ टक्क्यांहून कमीच असतात, मायलोमात त्या भरमसाट वाढतात. मेयो क्लिनिकने २००३ मध्ये १०२७ पेशंटांचा आढावा छापला होता, त्यात निदानाच्या वेळीच ७३ टक्के लोकांचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याखाली होतं. म्हणजे रक्त कमी होणं हे नंतरचं लचांड नाही, बरेचदा आजार पहिल्यांदा तिथेच दिसतो.

का होतं, याचं लगेच सुचणारं उत्तर म्हणजे गर्दी. मॅरोत लाल पेशी बनायच्या जागेवर या प्लाझ्मा पेशी येऊन बसतात. खरंय, पण गर्दी बेताची असतानाही हिमोग्लोबिन उतरलेलं दिसतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते लोहाचं प्रकरण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिला मोडतात आणि आतलं लोह काढून परत वापरायला देतात, अगदी भंगारवाल्यासारखं. नवीन रक्तासाठी रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह लागतं आणि त्यातलं जेवणातून येतं फक्त १-२ मिलिग्रॅम, बाकी सगळं या भंगारातलंच. आता मायलोमात आयएल-६ नावाचं रसायन वाढतं, ते लिव्हरला हेप्सिडिन बनवायला लावतं, आणि हेप्सिडिन पेशींवरची लोह बाहेर सोडायची दारंच काढून टाकतं, आतड्यातलीही आणि मॅक्रोफेजवरचीही. इन्फेक्शनमध्ये ही युक्ती चांगली, जंतूंना लोह मिळत नाही, इथे मात्र कारण नसताना गोदामाला कुलूप. मग कढई काय करणार बिचारी.

दुसरी मोठी गोष्ट किडनी. ‘रक्त बनवा’ हा निरोप मॅरोला जातो एरिथ्रोपोएटिन या हार्मोनमधून, आणि ते मुख्यतः किडनी बनवते. मायलोमाच्या पेशी अर्धवट अँटिबॉडी सोडतात, लाइट चेन म्हणतात त्यांना, त्या किडनीच्या बारीक नळ्यांत जाऊन गोठतात आणि नळ्या तुंबतात. किडनी थकली की निरोपही थांबतो. (कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर इथे आणखी वाट लावतात, काकांनी त्या महिनोन्‌महिने खाल्ल्या होत्या.)

शिवाय मायलोमाच्या पेशी मॅरोतल्या कोवळ्या लाल पेशींना थेट मरायलाही लावतात. आणि थोडा भाग निव्वळ पातळपणाचा, रक्तात प्रोटीन खूप वाढलं की ते पाणी ओढून घेतं आणि आमटीत पाणी वाढवल्यासारखं हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसतं. ट्रीटमेंट सुरू झाल्यावर औषधांमुळे ते आणखी खाली जाऊ शकतं, पण मॅरो साफ होत गेला की बहुतेकांचं हळूहळू वर येतं.

गंमत म्हणजे लोह देऊन बघणं जुनंच आहे. लंडनचा थॉमस मॅकबीन, मायलोमाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींतला पेशंट, त्यालाही १८४५ मध्ये लोह आणि क्विनाइन दिलं होतं, काही काळ बरंही वाटलं, पण १ जानेवारी १८४६ ला तो गेला.

रिपोर्टमध्ये खुणा असतात. लोह कमी असेल तर लाल पेशी लहान आणि फिक्या दिसतात, इथे साइज बहुधा नॉर्मल. ईएसआर, म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात त्याचा आकडा, कधीकधी शंभरच्या वर. स्लाइडवर पेशी नाण्यांची चळत लावल्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, त्याला रूलो म्हणतात. टोटल प्रोटीन जास्त आणि त्यातलंच अल्ब्युमिन नावाचं नेहमीचं प्रोटीन कमी, ही जोडी दिसली की चांगला पॅथॉलॉजिस्ट स्वतःहून डॉक्टरांना फोन करतो. अर्थात बी-१२ ची कमतरता किंवा पोटातला रक्तस्राव सोबत असूच शकतो, तेही बघावं लागतं.

एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मिळतात, पण लेनालिडोमाइडसारख्या मायलोमाच्या औषधांसोबत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर ती जपून देतात. आणि डाराट्युमुमॅब हे मायलोमाचं दुसरं औषध चालू होणार असेल तर त्याच्या आधीच ब्लड बँकेत पेशंटचं सॅम्पल तपासून ठेवायला सांगा, कारण ते औषध लाल पेशींनाही थोडं चिकटतं आणि मग क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटशी जुळवून बघणं, गंडतं, कुठलीच पिशवी जुळत नाही असं वाटायला लागतं, आणि ऐनवेळी रात्री अकराला रक्त हवं असताना हे कळलं तर फार धावपळ होते.