शवागार : बांधकाम आणि नूतनीकरण

शवागार : ओळख पटेपर्यंत, शवविच्छेदन होईपर्यंत किंवा नातेवाईक पोहोचेपर्यंत मृतदेह थंड ठेवण्याची जागा. महाराष्ट्रात ते बहुधा रुग्णालयाच्या मागच्या फाटकालगत असते आणि शवविच्छेदन गृह (बोलीत ‘पीएम रूम’) त्याला जोडूनच बांधतात.

नकाशा करताना आधी तीन वाटा वेगळ्या कराव्या लागतात: मृतदेहाची, कर्मचाऱ्यांची आणि नातेवाइकांची. मृतदेहाच्या वाटेवर पायरी नको, दरवाजा मोकळा किमान 1.2 मीटर हवा. शीतकपाटाचा ट्रे सुमारे 2 मीटर लांबीचा असतो आणि तो सरळ ट्रॉलीवर ओढला जातो, म्हणून कपाटासमोर किमान 3 मीटर जागा सोडावी. ती नसेल तर माणसे देह तिरका करून उचलतात, पाठी धरतात, ट्रे वाकतात. ओळख पटवण्याच्या खोलीला काच, बाक, पंखा आणि पिण्याचे पाणी हवेच. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा आधी हीच खोली जाते. ती जाऊ देऊ नये, कारण घरच्यांना त्या माणसाचे दर्शन तिथे घडते.

नेहमीच्या साठवणुकीला 2 ते 4 अंश सेल्सिअस तापमान लागते. बेवारस किंवा दीर्घकाळ ठेवायच्या देहांसाठी उणे 20 अंशांचा वेगळा कप्पा असतो. 60 किलोचा देह 37 वरून 4 अंशांवर आणताना सुमारे 1.9 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. अपघातानंतर सहा देह एकदम आले, की रिकाम्या कपाटावर बेतलेला कॉम्प्रेसर मागे पडतो. म्हणून दोन स्वतंत्र कॉम्प्रेसर, जनित्राची जोड आणि तापमान वाढल्यावर वाजणारी घंटा हवी. घंटा चोवीस तास जाग असलेल्या अपघात विभागात बसवावी. कंडेन्सर (कपाटातली उष्णता बाहेर टाकणारा भाग) बंद खोलीत ठेवला, तर तो स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो.

सर्वाधिक दगा देतो तो दाराचा रबर. खालच्या कोपऱ्यात पाण्याचे थेंब किंवा काळी बुरशी दिसली, की दारात कागदाची पट्टी अडकवून ओढावी. अलगद निघाली तर रबर गेला. तिथून दमट हवा शिरते, बाष्पकावर (कपाटातली उष्णता शोषणाऱ्या नळ्यांवर) बर्फ साचतो आणि मग ‘मशीन कमजोर’ म्हणून विनाकारण गॅस भरला जातो.

शवविच्छेदन गृहात हवा तासाला 12 वेळा बदलावी, दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा कमी असावा आणि सगळी हवा बाहेरच जावी. 6 × 5 × 3.5 मीटरच्या खोलीला यासाठी तासाला 1260 घनमीटर क्षमतेचा पंखा लागतो. ताजी हवा पंख्याच्या शेजारूनच आत घेतली, तर ती तशीच बाहेर जाते आणि टेबलाजवळ फॉर्मालिनचा (नमुने टिकवण्याच्या फॉर्माल्डिहाइड द्रावणाचा) वास कायम राहतो. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, हे विसरून चालत नाही. फरशी एकसंध इपॉक्सीची, भिंतीशी गोलाई देऊन वर चढवलेली असावी. टाइल्सच्या सांध्यांत रक्त मुरते. हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) पुसून पाण्याने धुतले नाही, तर 304 प्रतीच्या गंजरोधक पोलादी टेबलावरही खड्डे पडतात. सांडपाणी निर्जंतुक केल्याखेरीज गटारात सोडू नये.

15 नोव्हेंबर 2021 पासून केंद्राने पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा दिली. खून, बलात्कार, आत्महत्या, कुजलेले देह यांना सामान्यतः ती लागू नाही. जुनी इमारत सुधारताना त्यासाठी छायाविरहित दिवे आणि चित्रीकरणाची व्यवस्था करावी लागते.

नूतनीकरण टप्प्याटप्प्यानेच करावे. तात्पुरते शीतकपाट रिकामे 24 तास चालवून पाहिल्याशिवाय एकही देह हलवू नये. हलवताना पायाच्या अंगठ्याची चिठ्ठी, पिशवीवरील क्रमांक आणि नोंदवही दोघांनी मिळून दोन्ही टोकांना तपासावी. पोलीस प्रकरण असेल तर ठाण्याला आधी कळवावे. देह ताब्यात देण्याच्या वेळी तोडफोड पूर्ण थांबवावी.

नवे कपाट ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येक ट्रेवर 50 लिटर कोमट पाण्याचे कॅन ठेवावेत. इतके पाणी थंड करायला, अंशागणिक, 60 किलोच्या देहाइतकीच उष्णता काढावी लागते. मग एक कॉम्प्रेसर मुद्दाम बंद करून उरलेल्या एकावर कपाट 4 अंशांवर येते का, हे रात्रभर नोंदवावे.