टाळेबंदीचा हिशेब: विदर्भातल्या गावांची मागची पानं

साथ आली की माणसांची ये-जा रोखायचा सरकारचा अधिकार १८९७ चा. मुंबईतल्या प्लेगसाठी घाईने केलेला साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. नुकसानभरपाई ‘असल्यास’ ती कोणी सोसायची हे सरकार ठरवेल, एवढाच त्यात पैशाचा विषय. गावांची स्वतःची रीत वेगळी होती. प्लेगचे उंदीर पडू लागले की लोक गाव मोकळं करून शेतात झोपड्या घालत. काम हाताशीच राही.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात असा आडोसा नव्हता. पाऊसही दगा देऊन गेला होता. सर्वाधिक मृत्यूदर असलेल्या प्रांतांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता; आजचा विदर्भ त्यातलाच. टाळेबंदीला सरसकट फुकाची म्हणणाऱ्यांनी हे साल विसरू नये.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा विदर्भातल्या बहुतेक गावांत कोरोना पोचलाही नव्हता. पण मार्च-एप्रिल म्हणजे हातात पैसा यायचे दिवस. सरकारी कापूस खरेदी थांबली आणि न विकलेला कापूस घरात पडून राहिला. वरूड-मोर्शीकडे मृग बहाराच्या (पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या) संत्र्याला गिऱ्हाईक मिळेना. मिरची तोडायला तेलंगणात गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तिकडेच अडकले. शेतीला दोन-तीन दिवसांत सूट मिळाली खरी, पण आठवडी बाजार बंद आणि गाडी नाही, तर सूट घेऊन करायचं काय?

फायदा झाला तो वेळेचा. खाटा, ऑक्सिजन, तपासण्या उभ्या करायला उसंत मिळाली. मात्र ती तयारी मुख्यतः नागपूरसारख्या शहरांत झाली, आणि किंमत खेड्यांनीही तेवढीच मोजली. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातली दुसरी लाट आधी अमरावती-अकोला-यवतमाळकडेच उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्याच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतींचं मतदान मात्र निवांत पार पडलं होतं! एप्रिल-मे मध्ये आजार गावात शिरला, तेव्हा आधीच्या वर्षाच्या बंदीने पदरची शिल्लक संपवलेली होती.

माझ्या मते वाद टाळेबंदी हवी की नको, हा नाहीच; तिचं नुकसान कोणी सोसायचं, हा आहे. १८९७ मधलं ते ‘असल्यास’ १२३ वर्षांनीही जागचं हललं नव्हतं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं, त्याने चूल पेटती राहिली. जनधन खात्यात बाईला महिन्याला ५०० रुपये आले, तेही तीनच महिने. रोजगार हमीची त्या वर्षीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती; म्हणजे महिन्याची ती मदत जेमतेम दोन दिवसांच्या मजुरीएवढी.