ड्रेनेजला काय सोडता येतं? बेळगाव, निपाणी, खानापूरच्या व्यावसायिकांसाठी परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

बेळगावात बसून मराठीत ‘सांडपाणी परवाना’ शोधलं की आधी महाराष्ट्राच्या मंडळाची माहिती पुढे येते. ती मराठीत असते, समजायला सोपी असते, आणि अर्ज भरायच्या कामाला येत नाही. उद्यमबागेतला कारखाना असो की निपाणीतलं हॉटेल, आपला अर्ज जातो कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पाण्याच्या मर्यादा मात्र केंद्राच्या कायद्यातून येतात: जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 1974 आणि पर्यावरण (संरक्षण) नियम 1986. म्हणून कोल्हापूरच्या पाहुण्यांनी सांगितलेले आकडे बहुधा बरोबर निघतात, फक्त त्यांनी दाखवलेली खिडकी आपली नसते.

साध्या एका घराच्या वापराच्या पाण्याला, म्हणजे मोरी, न्हाणीघर, संडासच्या पाण्याला मंडळाचा परवाना लागत नाही. तिथे फक्त ड्रेनेजची जोडणी घ्यायची असते. खालची माहिती मुख्यतः धंदा करणाऱ्यांसाठी आहे: गॅरेज, हॉटेल, मिठाईवाले, सूत रंगवणारे, प्लेटिंगवाले (धातूला मुलामा देणारे), मशीन शॉप, दवाखाने.

आधी पाइप कुठे जातो ते बघा

अर्ज भरण्याआधी हे एक काम करा, कारण पुढचं सगळं याच्यावर ठरतं. तुमच्या जागेतून निघालेला पाइप जमिनीखालच्या ड्रेनेजला जोडलाय, रस्त्याकडेच्या उघड्या गटारीत पडतो, की मागच्या नाल्यात? पुष्कळांना हे स्वतःच्या जागेबद्दलही ठाऊक नसतं. भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये तर हमखास नाही. चेंबरचं झाकण उघडायला लावून बादलीभर पाणी ओतून बघितलं की कळतं.

‘आमचं पाणी ड्रेनेजला जात नाही, नुसत्या गटारीला जातं’ असं म्हणून सुटका होत नाही. जल कायद्याच्या व्याख्येत सांडपाणी वाहून नेणारा कुठलाही नळ किंवा चर, मग तो उघडा असो वा बंद, ‘सीवर’च ठरतो. कलम 24 नुसार विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ ओढ्यात, विहिरीत, सीवरमध्ये किंवा जमिनीवर सोडायला बंदी आहे. जमिनीवर म्हणजे मागच्या मोकळ्या प्लॉटवरसुद्धा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सार्वजनिक सीवरसाठी नियमांत मर्यादा सैल आहेत त्या एका भरवशावर: पुढे शुद्धीकरण केंद्र आहे आणि उरलेलं काम ते करणार. ते केंद्र नसेल तर तुमचं पाणी आहे तसं नाल्यात आणि तिथून शेतात जातं. बळ्ळारी नाल्याकाठच्या वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पाचा आणि त्याच्या जमिनीचा वाद शहराला चांगला माहीत आहे. खानापूरसारख्या गावात पाणी शेवटी मलप्रभेच्या वाटेला लागतं. म्हणून परवान्यात ‘सार्वजनिक सीवर’चा रकाना मागताना, ते सीवर पुढे कुठल्या केंद्राला मिळतं ते स्थानिक संस्थेकडून लेखी घ्या. कागद नसेल तर नदी-नाल्याची कडक मर्यादा लागणार असं धरूनच यंत्रणा बसवलेली बरी.

दवाखान्यांच्या बाबतीत तर हे नियमातच स्पष्ट लिहिलंय. जैववैद्यकीय कचरा नियम 2016 प्रमाणे खाटा असलेला दवाखाना शुद्धीकरण केंद्र नसलेल्या सीवरला जोडलेला असेल, किंवा कशालाच जोडलेला नसेल, तर त्याला बीओडी 30 आणि सीओडी 250 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत ठेवावं लागतं (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची ही दोन मापं). शेवटी केंद्र असेल तर सर्वसाधारण मर्यादा. खाटा नसलेल्या क्लिनिकलाही संसर्गजन्य द्रव निर्जंतुक केल्याशिवाय मोरीत ओतता येत नाही.

आकडे

सर्वसाधारण मर्यादा पर्यावरण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत आहेत. सार्वजनिक सीवरसाठी पीएच 5.5 ते 9, तरंगणारे घन कण 600, बीओडी 350, तेल-ग्रीस 20, अमोनियाचा नायट्रोजन 50. पीएच सोडून बाकी सगळे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. हेच पाणी थेट नदी-नाल्यात सोडायचं तर कण 100, बीओडी 30, तेल-ग्रीस 10. बीओडीत जवळजवळ बारा पटींचा फरक आहे, पाइप कुठे जातो ते आधी बघा म्हटलं ते यासाठी. धातूंच्या बाबतीत सीवरला शिसं 1, तांबं 3, निकेल 3, जस्त 15, पारा फक्त 0.01.

ज्या उद्योगांना स्वतंत्र मानकं आहेत त्यांना ही सर्वसाधारण यादी लागू पडत नाही. सर्वसाधारण तक्त्यात सीवरसाठी हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचा विषारी प्रकार) 2 चालतं, पण प्लेटिंगच्या धंद्याला 0.1 च. प्लेटिंगवाल्याने चुकीच्या तक्त्यावरून टाकी बांधली तर पहिल्याच नमुन्यात तो अडकतो. खासबाग-वडगावकडे सूत रंगवणाऱ्यांनाही कापड उद्योगाची वेगळी मानकं आहेत, त्यात पाण्याच्या रंगालासुद्धा मर्यादा आहे.

आणि बोअरचं पाणी ओतून पातळ करणं हा उपाय नव्हे. परवान्याच्या अटीत ते चालत नाही, शिवाय पाण्याचा हिशेब मागितला की उघडं पडतं: नळाला आलं किती, बोअरने ओढलं किती, बाहेर गेलं किती.

जे कधीच सोडायचं नाही

काही गोष्टींना मर्यादा वगैरे नाहीच. पेट्रोल, डिझेल, थिनर: बंद पाइपात वाफ साठते आणि भडका उडू शकतो. गॅरेजचं जुनं ऑइल आणि मशीन शॉपचं खराब झालेलं कूलंट घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते ड्रममध्ये साठवून मान्यताप्राप्त रिसायकलरला द्यायचं आणि त्याची पावती जपायची. बॅटरीचं ॲसिड, सिमेंटचं पाणी, शेण, तंबाखूचा चुरा, कपड्याचे बोळे, पॅड, डायपर हेही नाही. सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरने रात्री मॅनहोलमध्ये किंवा नाल्यात मैला सोडला तर तोही गुन्हाच.

छपराचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं हा आपल्याकडचा जुना रोग. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जुलैत ते पाणी मैल्याच्या लाइनीत शिरलं की सखल गल्लीतल्या घरात संडासातून उलटं येतं. पावसाच्या पाण्याला पावसाची गटार, ड्रेनेज नाही.

मिठाईवाले आणि खानावळीवाले म्हणतील, आम्ही काय रसायन वापरतो का? कुंद्याची मोठी कढई धुताना बघा. गरम पाण्यात तूप आणि दुधाची चिकट साय सहज वाहून जाते. पुढे दोन चेंबर गेल्यावर पाणी निवतं, तूप थिजतं आणि पाइपच्या आतल्या बाजूला थर धरतं. वर्षभरात चार इंची पाइपची वाट दोन बोटांवर येते. यावर उपाय म्हणजे ग्रीस ट्रॅप. दोन कप्प्यांची छोटी टाकी, पाणी संथ होतं, तेल वर येतं आणि बाहेर जाणारा पाइप खालच्या थरातलं पाणी उचलतो. वरची साय ठरलेल्या दिवशी काढायची. न काढलेला ग्रीस ट्रॅप असून नसल्यासारखा.

लाइन तुंबली म्हणून माणसाला आत उतरवू नका. 2013 च्या हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या कायद्यात सुरक्षा साधनांशिवाय सीवर किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मशीन बोलवा.

परवाना कुणाला, कुठला

मंडळ उद्योगांना प्रदूषणाच्या क्षमतेप्रमाणे लाल, नारिंगी, हिरव्या आणि पांढऱ्या गटांत टाकतं. प्लेटिंग लाल गटात. पांढऱ्या गटाला परवाना लागत नाही, कळवलं की पुरे. तुम्ही कुठल्या गटात ते दलालाला विचारण्याआधी मंडळाच्या यादीत बघा. गट चुकला तर फी चुकते, अर्ज परत येतो.

कर्नाटकात दोन टप्पे आहेत. बांधकाम किंवा यंत्रं बसवण्याआधी कन्सेंट फॉर एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे सीएफई. सगळं उभं राहिल्यावर, उत्पादन सुरू करण्याआधी कन्सेंट फॉर ऑपरेशन, म्हणजे सीएफओ. अर्ज मंडळाच्या ऑनलाइन यंत्रणेतून करायचा. छाननी आणि जागेची पाहणी प्रादेशिक कार्यालय करतं, बेळगावात ते आहे.

सीएफईसाठी लागणारे कागद: जागेचा कागद (खरेदीखत, भाडेकरार, किंवा औद्योगिक वसाहतीचं वाटपपत्र), शेतजमीन असेल तर बिनशेतीचा आदेश, जागेचा नकाशा आणि त्यावर ड्रेनेजची लाइन दाखवलेली, प्रक्रियेचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद, शुद्धीकरण टाकीचं डिझाइन, भागीदारीपत्र किंवा कंपनीचे कागद, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला. फी गुंतवणुकीवर ठरत असल्याने हा शेवटचा कागद बघितल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. जमीन, इमारत, यंत्रं तिन्ही वेगवेगळी लिहून घ्या.

सीएफओच्या वेळी सीएफईच्या प्रत्येक अटीपुढे ‘काय केलं’ ते लिहावं लागतं, टाकीचे फोटो जोडावे लागतात, आणि चालू धंद्याचं नूतनीकरण असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पाण्याचा अहवाल. हेस्कॉमचं वीजबिल आणि पाणीपट्टीची पावती जवळ ठेवा. मालकाचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने असू द्या. आपल्याकडे उताऱ्यावर कन्नड, दाखल्यावर मराठी आणि आधारवर इंग्रजी नाव असतं, त्यात एखाद्या अक्षराचा फरक निघतोच. मग प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

ड्रेनेजची जोडणी ही वेगळी परवानगी, ती मंडळ देत नाही. बेळगाव शहरात महापालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, निपाणीत नगरसभा, खानापुरात पट्टण पंचायत, खेड्यात ग्रामपंचायत. फॉर्मवर ‘ओळचरंडी’ लिहिलेलं असतं ते हेच ड्रेनेज. खाता उतारा, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, नकाशा, ओळखपत्र आणि रस्ता खोदावा लागणार असेल तर त्याचं शुल्क. कर्नाटकच्या 2011 च्या सकाल कायद्यात येणाऱ्या सेवेच्या पावतीवर जीएससी क्रमांक असतो, तो जपून ठेवा. मुदत उलटली की त्याच क्रमांकावर दाद मागता येते.

पाहणी, नमुना आणि नकार

अधिकारी पाण्याचा नमुना घ्यायला आले तर वाद घालू नका, पण हक्क वापरा. जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे त्यांनी नमुना तपासायला नेणार असल्याची नोटीस तिथल्या तिथे द्यायची असते, आणि तुमच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून बाटल्या सीलबंद करायच्या, त्यावर दोघांच्या सह्या. दुसरी बाटली तुमच्या बाजूने बोलू शकणारा एकच पुरावा. मालक मुद्दाम गायब झाला की हा हक्क जातो, म्हणून शेडमध्ये सही करू शकणारा माणूस कायम असावा.

पूर्ण अर्जावर चार महिन्यांत होकार-नकार काहीच आलं नाही तर कलम 25 प्रमाणे परवाना मिळाला असं मानलं जातं. यातला ‘पूर्ण’ हा शब्द विसरू नका. ऑनलाइन शंका काढलेली असेल आणि तुम्ही उत्तर दिलेलं नसेल, तर चार महिन्यांचा दाखला देऊन उपयोग नाही. अर्ज केल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा.

नकार आला किंवा अट पटली नाही तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 28 खाली अपील. आदेशाची तारीख नव्हे, तुम्हाला मिळाल्याची तारीख मोजायची, म्हणून पाकीट आणि ईमेल दोन्ही ठेवा. मर्यादा वारंवार मोडली तर कलम 33अ खाली मंडळ धंदा बंद करण्याचा, वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. हेस्कॉमचा माणूस तो आदेश घेऊन दारात आला की त्याच्याशी बोलून काही होत नाही, उत्तर मंडळाकडेच द्यावं लागतं.