झरा नदीखाली झाकला गेलाय की उलटा वाहतोय? वरून दोन्ही काळंच दिसतं

नॉर्थ फ्लोरिडात सुवानी नदीला पूर आला की पार्किंगमध्ये कुणीतरी सांगतंच, "स्प्रिंग गेलं, पाणी काळं झालंय." पण या "काळं झालंय"मध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि केव्ह डायव्हिंग, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांत डायव्हिंग, करणाऱ्याने त्यांची गल्लत केली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी तो काळा रंग कसला ते सांगते. सुवानी निघते जॉर्जियातल्या ओकेफेनोकी दलदलीतून, तिथला कुजलेला पालापाचोळा पाण्यात टॅनिन सोडतो आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. हा चिखल नाहीये, आपल्याकडचं पावसाळ्यातलं गढूळ पाणी रात्रभर ठेवलं की निवळतं, हे निवळत नाही कारण रंग विरघळलेला असतो. झऱ्याचं पाणी याच्या बरोबर उलट, चुनखडीच्या पोटातून फ्लोरिडन अ‍ॅक्विफर नावाच्या भूजलसाठ्यातून येणारं, बारा महिने साधारण २२ डिग्री आणि काचेसारखं स्वच्छ. आणि झरा वाहतो एवढ्याचसाठी की जमिनीखालच्या पाण्याची पातळी नदीपेक्षा वर असते, पुढचं सगळं या एका फरकावर ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे ब्राउनआउट. नदी चढली, झऱ्याच्या कुंडावर पसरली, पण खालून झऱ्याचा जोर अजून आहे. म्हणजे वर चहाचा थर आणि खाली गुहेत लख्ख पाणी. जिनी स्प्रिंग्जमधलं डेव्हिल्स इअर हे गुहेचं तोंड तर सॅन्टा फे नदीच्या पात्रातच उघडतं, तिथे हे फार छान कळतं. खाली जाताना टॉर्चचा झोत आधी पिवळा, मग तांबडा, मग नुसता एक निखारा राहतो, स्वतःचा हात दिसत नाही, आणि मग अचानक तोंडावर पाण्याचा दाब जाणवतो, मास्क जरा थरथरतो, अजून थोडं खाली सरकलं की पडदा बाजूला केल्यासारखी समोर पांढरी भिंत! हिवाळ्यात नदी गार असते त्यामुळे अंगाला ऊबही लागते. पण हे सोपं आहे असं अजिबात समजू नका. गुहेच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली "इथून पुढे जाऊ नका"ची पाटी असते ना, ती या अंधारात दिसतच नाही. आणि परत येताना सगळं स्वच्छ संपून काळोखात शिरायचं, वर नदीची ओढ, त्यात डीकोचा स्टॉप (वर येताना शरीरातला वायू हळूहळू सुटावा म्हणून थांबणं), त्यामुळे परतीची वाट दाखवणारी रीलची दोरी काठाजवळच्या मोकळ्या पाण्यापासून बांधलेली नसेल तर वर कुठे निघाल याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट रिव्हर्सल, आणि मला खरी भीती हिचीच वाटते. पाऊस पडतो वर जॉर्जियात, इथे फ्लोरिडात कडक ऊन असतं, इथल्या जमिनीखालची पातळी तशीच खाली, आणि काही दिवसांनी पूर येऊन पोचतो. नदीची पातळी झऱ्याच्या वर गेली की झरा आधी मंदावतो, मग थांबतो, मग नदीच आत शिरायला लागते. कोल्हापूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, पंचगंगा फुगली की जयंती नाल्यात पाणी उलटं चढतं, तोच फुगवटा इथे जमिनीखाली जातो. पीकॉक स्प्रिंग्ज एरवीच शांत, ते पटकन उलटतं. पण जोरदार झरा कधी उलटत नाही असंही नाही, विथलाकूची नदीकाठचं मॅडिसन ब्लू एरवी चांगलं दणदणीत वाहतं आणि पुरात तेही नदी गिळतं.

डायव्हरसाठी यातला सगळ्यात वाईट भाग हवेच्या हिशोबात आहे. थर्ड्सचा नियम म्हणजे एक तृतीयांश हवा जायला, एक यायला, एक राखीव. वाहत्या झऱ्यात जाताना प्रवाहाविरुद्ध दमायचं आणि येताना प्रवाह तुम्हाला घेऊन येतो, त्यामुळे हिशोब तुमच्या बाजूने असतो. उलट्या झऱ्यात जाताना मजेत ओढले जाता, कळतही नाही किती आत आलात, आणि येताना तेच पाणी छातीवर. टाकीत २१० बार (हवेच्या दाबाचं माप) होते, ७० मध्ये आत गेलात, परतीला दुप्पट लागली तर १४० गेले, म्हणजे राखीव साफ संपली, आणि हे दोरी हाताने चाचपत, शून्य दिसत असताना, शिवाय जोडीदाराला हवा द्यायची वेळ आलीच तर द्यायला काहीच उरलेलं नाही. नेहमीचा हिशोब इथे लावूच नये आणि सायफनचं, म्हणजे आत ओढणाऱ्या प्रवाहाचं, वेगळं ट्रेनिंग नसेल तर पाण्यात उतरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मग काठावरून ओळखायचं कसं? मी आधी यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे, नदीची पातळी मोजणारे गेज बघते, पातळी चढतेय की उतरतेय हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. आणि काठावर बसून पाण्यावरची पानं बघते, घाई न करता, दहा-पंधरा मिनिटं. पानं नदीकडे निघाली तर झरा जिवंत आहे, कुंडाकडे येऊन एका जागी गोल फिरायला लागली तर मी गाडीतून टाक्या काढतच नाही. पानं नुसतीच तरंगत राहिली, कुठेच जात नाहीत, तरीही नाही, कारण थांबलेला झरा कुठल्या बाजूला वळेल ते सांगता येत नाही.

पूर ओसरल्यावरही फरक राहतो. ब्राउनआउट नदी उतरली की सुटतो. रिव्हर्सलमध्ये गुहेने महिनाभर पुरेल एवढा चहा पिऊन ठेवलेला असू शकतो, तो आधी बाहेर यावा लागतो, आणि आडव्या बोळांमधून तर फारच हळू येतो. एकदा अशाच पुरानंतर तोंडाशी पाणी मस्त निळं दिसलं म्हणून आम्ही दोघं उतरलो. जरा आत गेलो तर गुहेत कायमची लावलेली असते त्या सोनेरी मुख्य दोरीवर बोटभर गाळ, एका ठिकाणी ती ओंडक्याखाली दबलेली, आणि बाजूच्या बोळाच्या तोंडाशी तपकिरी पाणी भिंतीसारखं उभं. जोडीदाराने अंगठा वर केला, पाण्यात त्याचा अर्थ संपलं, बाहेर चला. मीही अंगठा वर केला आणि आम्ही वळलो.